एकूण गुण सगळ्यांत जास्त, तरी आमचा संघ तिसरा कसा?

सांगलीतल्या आंतरमहाविद्यालयीन क्विझचा निकाल तुम्ही दिलाय, त्यात गडबड वाटत नाही. साखळी सामन्यांत आधी बघतात ते किती सामने जिंकले. एक सामना ३०० गुणांनी मारला आणि दोन पाच-पाच गुणांनी गेले, तर तक्त्यात एक विजय, दोन पराभव. गुणांचा विचार सहसा विजय सारखे झाले तरच.

तुमची स्पर्धा अमेरिकेतल्या कॉलेजांच्या बझर पद्धतीची होती. तिथे प्रश्न अवघडाकडून सोप्याकडे जातो. समजा, येडेमच्छिंद्र या गावापासून सुरुवात, मग १९४३ चं प्रतिसरकार, शेवटी 'क्रांतिसिंह'. उत्तर नाना पाटील. गावाच्या नावावरच बझर दाबणाऱ्याला काही स्पर्धांत १५ गुण, नंतर ओळखलं तर १०, मध्येच तोडून चुकलं तर वजा ५. बरोबर उत्तरामागे संघाला बोनस प्रश्न, त्यात जास्तीत जास्त ३० गुण.

म्हणून मी एकूण बेरीज सोडून बोनसची सरासरी बघतो. आठ बोनसमध्ये १६० म्हणजे सरासरी २०. बारा बोनसमध्ये १८० म्हणजे १५. बेरीज दुसऱ्याची मोठी, पण वाचन पहिल्या संघाचं खोल. बझरचा वेग सरावाने येतो हो, बोनसला मात्र वाचलेलंच लागतं.

तुमच्या तक्त्यात वजा पाच किती वेळा आहेत ते आधी मोजा. पाच गुणांनी गेलेला सामना बहुतेक तिथेच सापडेल.