पॉवर सप्लाय उडाला, बाकीचं वाचलं का?

प्रश्न: पीसी चालू असताना फट्कन आवाज, जळका वास आणि सगळं बंद. पॉवर सप्लाय गेलाय हे नक्की, पण मदरबोर्ड, हार्ड डिस्क पण गेली असेल का हो?

उत्तर: बहुतेक वेळा नाही. बऱ्यापैकी सप्लायमध्ये ओव्हरव्होल्टेज प्रोटेक्शन असतं, व्होल्टेज चढलं की तो स्वतःच बंद पडतो. भीती स्वस्तातल्या मालाची, त्यात १२ व्होल्टची लाइन १२.६ ची मर्यादा ओलांडून कितीही वर गेली तरी अडवणारं कोणी नसतं, मग जाताना बोर्ड नाहीतर डिस्क घेऊनच जातो. चांगला सप्लाय लावून आधी नुसता बोर्ड, प्रोसेसर अन् एक रॅम एवढ्यावर चालू करून बघा, डिस्क शेवटी जोडा. आणि हो, सप्लाय मॉड्युलर (म्हणजे केबल सुट्या काढता येणारा) असेल तर जुन्या केबल नव्याला अजिबात लावू नका, पिनांची जुळणी वेगळी असू शकते, वाचलेली डिस्क तिथे जळायची!