नऊ सेकंदांचा हॉकिंग आणि करारावरची सही

प्रश्न : पुण्यात आमचा चौघांचा रॉक बँड आहे. पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडच्या 'कीप टॉकिंग' गाण्यात शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग यांचा यंत्रातून येणारा आवाज आहे. त्यातले नऊ सेकंद उचलून आम्ही आमच्या गाण्याच्या सुरुवातीला लावले. गाणं वर्षभर ऑनलाइन आहे, कुणाची हरकत आलेली नाही. आता ते एका जाहिरातीसाठी मागितलंय, चाळीस हजार मिळतील. करारात 'गाण्यातला प्रत्येक भाग स्वतःचा किंवा रीतसर परवानगीचा आहे. वाद झाल्यास संपूर्ण भरपाई आम्ही देऊ' असं कलम आहे. मित्र म्हणतात, दहा सेकंदांपर्यंत चालतं, आणि फ्लॉइडनेही तो आवाज जाहिरातीतूनच घेतला होता. सही करू का?

उत्तर : नका करू. निदान या गाण्यावर, या कलमाखाली तरी नाही.

दहा सेकंदांचा नियम मी कॉलेजात असल्यापासून ऐकते आहे. कॉपीराइट कायद्यात तो कुठेही नाही. उलट कलम १४ म्हणतं की, एखादं ध्वनिमुद्रण ज्यात सामावलं आहे असं दुसरं ध्वनिमुद्रण तयार करण्याचा हक्क फक्त मूळ मालकाचा. तुम्ही नेमकं तेच केलंत. अगदी क्षुल्लक वापराकडे न्यायालय काणाडोळा करू शकतं. गाण्याचे मोजके शब्द वाहिनीवर वापरल्याच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१२ साली तसं केलंही. पण तुमचे नऊ सेकंद गाण्याच्या तोंडावरच आहेत. क्षुल्लक होते तर लावलेत कशाला, हा समोरच्या वकिलाचा पहिला प्रश्न असेल. शिवाय ऑनलाइन गाणं जगभर वाजतं. क्राफ्टवेर्क या जर्मन बँडच्या १९७७ च्या मुद्रणातले जेमतेम दोन सेकंद घेतल्यावरून जर्मनीत दोन दशकं खटला चालला, आणि ओळखू येणाऱ्या तुकड्याला, तो कितीही छोटा असो, परवानगी लागते असं युरोपीय न्यायालयाने त्यात २०१९ मध्ये सांगितलं.

फ्लॉइडचा मुद्दा. चोरावर मोर म्हणायचं तर आधी फ्लॉइड चोर ठरायला हवेत! तो आवाज ब्रिटिश टेलिकॉमच्या जाहिरातीतला होता, हे खरं. त्या दोघांत जे काही ठरलं असेल ते त्यांच्यापुरतं. त्याचा एक पैसाही तुमच्या खात्यात जमा होत नाही. तुमचं ओझं मात्र दुप्पट होतं, कारण तुम्ही गाण्यातून तुकडा कापलात. म्हणजे जाहिरातीचं मुद्रण एक आणि त्याखाली वाजणाऱ्या संगीतासकट फ्लॉइडच्या अल्बमचं दुसरं, अशा दोन दारांवर थाप मारावी लागेल. अल्बम १९९४ चा. आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा हक्क पुढच्या वर्षारंभापासून साठ वर्षं टिकतो, म्हणजे २०५४ अखेरपर्यंत. शब्दांचा हक्क आणखी वेगळा, तो हॉकिंग यांचा की जाहिरातवाल्यांचा हे त्यांच्या करारावर ठरेल.

आणि आवाज तरी कोणाचा? १९८५ मध्ये श्वासनलिकेवरच्या शस्त्रक्रियेनंतर हॉकिंग यांची वाचा गेली. पुढे यंत्रातून जो आवाज जगाने ओळखला, तो एमआयटीतले संशोधक डेनिस क्लॅट यांनी स्वतःच्या आवाजावर बेतला होता. आपल्या कायद्यात सादरकर्त्याची व्याख्या मोठी दिलदार आहे, व्याख्यान देणारा तर आहेच, गारुडीसुद्धा आहे. पण सादरीकरण 'प्रत्यक्ष' हवं. आधी टाइप केलेलं वाक्य यंत्राने उच्चारलं तर सादरकर्ता कोण? हा मुद्दा कोर्टात लढायला मला मनापासून आवडेल, तुमच्या खर्चाने मात्र नको.

व्यक्तीच्या आवाजाच्या हक्काबद्दल थोडक्यात. मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये अरिजित सिंग यांच्या आवाजाची कृत्रिम नक्कल रोखली. हॉकिंग २०१८ मध्ये गेले, आणि सुशांतसिंह राजपूत प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये असा हक्क माणसाबरोबरच संपतो असं मत मांडलं. त्यामुळे भारतात ही बाजू तुम्हाला जरा सोपी आहे. ध्वनिमुद्रणाची नाही.

'अजून कुणी हरकत घेतली नाही' म्हणजे परवानगी नव्हे. गाणं ऑनलाइन चढवताना तुम्ही एका चौकटीत टिक केली असेल. तीही बहुधा अशीच हमी होती. जाणूनबुजून उल्लंघन केल्यास कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड होऊ शकतो. प्रत्यक्षात असे वाद बहुतेक वेळा गाणं उतरवणं आणि पैसे यांवरच मिटतात, पण हे उत्तर वाचल्यावर 'आम्हाला माहीत नव्हतं' म्हणायची सोय तुमच्याकडे उरलेली नाही.

चाळीस हजारांसाठी लंडनशी पत्रव्यवहार परवडणार नाही. मिक्सचे वेगळे ट्रॅक तुमच्याकडे असतीलच. ते नऊ सेकंद काढा, जुनं गाणं उतरवून नवं चढवा आणि जाहिरातीला तेच द्या. यंत्राचा आवाज हवाच असेल तर शब्द स्वतः लिहा, व्यावसायिक वापराला मुभा देणारं सॉफ्टवेअर घ्या आणि हॉकिंग यांचं नाव कुठेही, अगदी हॅशटॅगमध्येही, लावू नका.

नव्या गाण्यासाठीही ते भरपाईचं कलम जसंच्या तसं स्वीकारू नका. भरपाई मिळालेल्या मानधनापुरतीच राहील, हे वाक्य घालून घ्या. आणि सही चौघांनी मिळून करा. बँडची नोंदणीकृत संस्था नसेल तर एकट्याने सही करणाऱ्याच्याच दारात नोटीस येते.