जेराल्ड ऑंजियरचा थोरला भाऊ

तुमचा प्रश्न: मुंबईचा गव्हर्नर जेराल्ड ऑंजियर आयरिश अर्लचा (वरच्या दर्जाच्या सरदाराचा) भाऊ होता, तर तो अर्ल कोण, आणि एवढ्या घरचा मुलगा ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत कसा?

अर्लचं नाव फ्रान्सिस ऑंजियर. घराणं मुळात आयरिश नव्हे. आजोबा इंग्लंडचे कायदेपंडित, १६०९ मध्ये न्यायखात्यातलं मोठं पद घेऊन डब्लिनला आले आणि १६२१ मध्ये लाँगफर्डचे बॅरन (अर्लपेक्षा खालचा सरदारी किताब) झाले. आजी मात्र किल्डेरच्या फिट्झजेराल्डांची लेक. घरात जेराल्ड हे नाव त्या बाजूने आलेलं दिसतं. १६५५ मध्ये काका वारला आणि बॅरनपद फ्रान्सिसकडे आलं. तिकडे किताब आणि इस्टेट थोरल्याची, धाकट्यांनी आपापलं बघायचं. जेराल्डने सुरतेची वाट धरली.

फ्रान्सिस इंग्लंडच्या कॉमन्समध्येही (संसदेच्या निवडून आलेल्या सभागृहात) बसला, १६६० मध्ये सरेकडून आणि पुढे १६६१ ते ७९ अरुंडेलकडून. लॉर्ड असून कॉमन्समध्ये, हे वाचून गोंधळ होतो. पण आयरिश लॉर्डची जागा डब्लिनच्या सभागृहात असे, त्यामुळे इंग्लंडमध्ये निवडून यायला त्याला आडकाठी नव्हती. आयर्लंडच्या खजिन्याचा कारभारही काही वर्षं त्याच्याकडे होता. राजकारणात तो पहिल्या रांगेतला नव्हे, असं माझं मत.

त्याचं खरं काम जमिनीवर दिसतं. आठव्या हेन्रीने बंद केलेल्या डब्लिनमधल्या कार्मेलाइट (एक कॅथलिक संन्यासी पंथ) मठाची जागा ऑंजियरांकडे होती. १६६० मध्ये इंग्लंडात राजेशाही परतल्यावर डब्लिन वाढू लागलं, तेव्हा फ्रान्सिसने तिथे रस्ते आखून प्लॉट पाडले. मुख्य रस्ता सत्तर फूट रुंद, त्या काळच्या डब्लिनमध्ये सर्वांत ऐसपैस. तोच ऑंजियर स्ट्रीट. (डब्लिनकर 'एंजर' म्हणतात, तिथे पत्ता विचारताना लक्षात ठेवा.) १६६० च्या दशकातलं एक घर तिथे अजून उभं आहे. कार्मेलाइटही १८२० च्या दशकात त्याच जागी परतले आणि त्यांनी चर्च बांधलं.

मला यातल्या तारखा फार ओढ लावतात. थोरला डब्लिनमध्ये वस्ती उभी करत होता, त्याच सुमारास धाकटा मुंबईत न्यायालय, टांकसाळ उभारत होता, सुरतेच्या व्यापाऱ्यांना बोलावून वसवत होता. १६७४ मध्ये शिवराज्याभिषेकाला रायगडावर आलेला हेन्री ऑक्झेंडन याच जेराल्डने धाडलेला. जून १६७७ मध्ये जेराल्ड सुरतेत वारला, आणि त्याच वर्षाअखेर फ्रान्सिस लाँगफर्डचा अर्ल झाला.

फ्रान्सिसला मूलबाळ नव्हतं. तो १७०० मध्ये गेला, अर्लपद दुसऱ्या भावाकडे, अँब्रोजकडे गेलं आणि काही वर्षांतच त्याच्याबरोबर संपलं. वारसा बहिणीच्या, म्हणजे ॲलिसच्या वंशात उतरला. त्या वंशातल्या किटी पेकनमचं १८०६ मध्ये लग्न झालं ते आर्थर वेलस्लीशी. तोच, तीन वर्षांपूर्वी असईला शिंदे-भोसल्यांशी लढलेला.