ईआयए रिपोर्ट हातात आला की आधी तारखा बघा

ताई, तुमच्या गावच्या सड्यावर मोठा केमिकल प्रकल्प येतोय, जनसुनावणी महिन्यावर आलीय, रिपोर्ट आठशे पानांचा नि इंग्रजीत, त्यात नेमकं बघायचं काय असं तुम्ही विचारलंय. मी बरीच वर्षं राजापूर-देवगड पट्ट्यात असे रिपोर्ट वाचतोय, त्यावरून सांगतो, ईआयए म्हणजे प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल याचा अभ्यास, त्यात सगळ्यात आधी सँपलिंग कुठल्या महिन्यांत केलंय ते बघा.

बहुतेक प्रकल्पांना एकाच सीझनचा बेसलाइन डेटा, म्हणजे प्रकल्प येण्याआधीच्या स्थितीची नोंद, चालतो, आणि तोही पावसाळा सोडून. आता आपला सडा, म्हणजे डोंगरमाथ्यावरचं कातळाचं पठार, एप्रिलमध्ये कसा दिसतो ते तुम्हाला माहितीय, काळा कातळ, करपलेलं गवत, कडेला चार करवंदीच्या जाळ्या. रिपोर्टात 'खडकाळ पडीक जमीन' असं येतं, सातबाऱ्यावर पोटखराबा, म्हणजे लागवडीला न येणारी जमीन, लिहिलेलं असतंच, दोन्ही कागद जुळले की विषय संपला. त्याच सड्यावर पाऊस सुरू झाला की दिपकाडीची पांढरी फुलं येतात, पुढे डबक्यांच्या कडेला गेंद आणि सीतेची आसवं, पण तेव्हा सर्व्हेवाले आलेलेच नसतात.

आणि मुद्दा फुलांपुरता नाही, पाण्याचा आहे. एका प्रस्तावित जागेवर मी ऑगस्टात गेलो होतो, पायाखाली चार बोटं पाणी, त्यात बेडकाची पिल्लं वळवळत होती, आणि एका कोपऱ्यात ते पाणी कातळाच्या भेगेत गुळगुळ आवाज करत खाली जात होतं. उतरून खालच्या वाडीत गेलो तर तिथे जांभ्यातून झरा वाहत होता, तिथली म्हातारी म्हणाली हा मे महिन्यापर्यंत आटत नाही, आमची नळयोजनेची विहीर ह्याच्यावरच. त्या रिपोर्टात भूजलाच्या प्रकरणात आठ बोअरवेलचे नमुने होते आणि ह्या झऱ्याचा उल्लेख एका ओळीतही नव्हता. मला तेव्हा फार राग आला, कारण त्या वाडीला विचारलं असतं तर अर्ध्या तासात कळलं असतं.

म्हणून तुमच्या सड्याच्या पायथ्याला जेवढे झरे, पऱ्ये म्हणजे छोटे ओढे, विहिरी आहेत त्यांची यादी करा, कुठल्या महिन्यापर्यंत पाणी असतं, किती घरं त्यावर आहेत, फोटो तारखेसकट. मग ती यादी रिपोर्टातल्या नकाशावर टाकून बघा. झाडा-प्राण्यांची यादीही जुन्या माणसांना वाचून दाखवा. आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बॉक्साइट खाणीच्या रिपोर्टात रशियातल्या खाणीच्या रिपोर्टातला मजकूर उचललेला सापडला होता, तेव्हा 'मोठ्या कन्सल्टंटने केलंय' म्हणून विश्वास ठेवू नका.

असं लिहून काय उपयोग, असं गावात कोणी म्हणेलच. त्यांना गोव्यातल्या मोपा विमानतळाचं सांगा. तोही सडाच, पेडण्यातला. विमानतळाला २०१५ मध्ये पर्यावरण मंजुरी मिळाली होती, पण अर्जात आजूबाजूची जंगलं आणि संवेदनशील जागा नीट दाखवल्या नव्हत्या म्हणून सुप्रीम कोर्टाने मार्च २०१९ मध्ये ती मंजुरी स्थगित केली आणि तज्ज्ञ समितीला पुन्हा तपासायला लावलं. पुढे जानेवारी २०२० मध्ये जादा अटी घालून स्थगिती उठली, विमानतळ झालाही. पण काय लपवलं ते कागदावर दाखवता आलं म्हणूनच कोर्टात टिकलं हे विसरू नका.

सामाजिक बाजू रिपोर्टात दोन-चार पानांत उरकलेली असते, जनगणनेचे आकडे आणि 'रोजगार निर्माण होईल'. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात सामाजिक परिणाम अभ्यास आहे, पण एमआयडीसीच्या, म्हणजे राज्याच्या औद्योगिक विकास महामंडळाच्या, कायद्याने जमीन घेतली तर तो होत नाही, कलम ३२(२) ची नोटीस येते आणि ती प्रत्यक्षात बहुधा सातबाऱ्यावर नाव असलेल्यालाच. सड्यावर गुरं चारणारा, जमीन कसणारं कूळ म्हणून नाव न लागलेला, खाडीत ओहोटीला कालवं (खडकाला चिकटलेले शिंपले) काढणाऱ्या बायका, बागेत मजुरीला येणारे, ह्यांचं काय? खाडीला सातबारा नसतो. सांडपाण्याची पाइपलाइन जिथे सोडणार आहेत ती जागा नकाशात शोधा आणि तिथून कोण पोट भरतं ते घरवार लिहून काढा, हे काम तुम्हाला बायकांकडूनच होईल, पुरुषांना विचारलं तर ते कालवांचं सांगतही नाहीत.

आता सुनावणी. नोटीस किमान ३० दिवस आधी हवी, रिपोर्टाचा मसुदा जिल्हाधिकारी कार्यालयात, जिल्हा परिषदेत आणि जिल्हा उद्योग केंद्रात बघायला मिळतो, मराठीत मात्र फक्त सारांश असतो. सारांशावर थांबू नका, कॉलेजातल्या पोरांना प्रकरणं वाटून द्या. तोंडी भाषणं गर्दीत विरून जातात, म्हणून प्रत्येक मुद्दा पान क्रमांकासकट लेखी द्या आणि पोचपावती घ्या, कारण सुनावणीत आलेल्या मुद्द्यांना कंपनीला अंतिम रिपोर्टात उत्तर द्यावं लागतं. 'विरोध आहे' एवढंच लिहिलं तर उत्तर एका ओळीत मिळतं. 'तुमच्या भूजल नकाशात खालच्या वाडीचा झरा का नाही' असं विचारलं तर तसं सुटता येत नाही.

आणि शेवटी इतिवृत्त मराठीत वाचून दाखवायचं असतं. बरीच माणसं तोवर एसटी चुकेल म्हणून निघून जातात. तुमच्यातले दहा जण तरी मंडपात थांबवा, त्यांची परतीची गाडी आधीच ठरवून ठेवा.