आधी तिकीट, मग चर्चा

प्रश्न : आम्ही चौघी शाळेपासूनच्या मैत्रिणी, राहायला डोंबिवलीत, नोकऱ्या मुंबईत. सगळ्या पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे. ‘चला गं कुठेतरी’ हे चार वर्षं नुसतं ग्रुपवर चाललंय. एकीला देवदर्शन हवं, दुसरीला खरेदी, तिसरीला खाणं, मला नुसतं गल्लीबोळांतून हिंडायचंय. एकीचे गुडघे कुरकुरतात. शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर निघून सोमवारी कामावर हजर राहायचंय. रिसॉर्ट नको, विमान नको. ट्रेननं जाता येईल असं शहर सुचवाल? – चार मैत्रिणी, डोंबिवली

उत्तर : मैत्रिणींनो, अहमदाबादला जा. रात्री गाडीत झोपायचं, सकाळी तिथे उतरायचं, रविवारी रात्री पुन्हा गाडीत झोपायचं. दोन रात्री प्रवासात, एकच हॉटेलात, आणि पूर्ण दोन दिवस पदरात. देऊळ, बाजार, खाणं आणि गल्ल्या हे चारही हट्ट तिथे एकमेकांपासून दीड-दोन किलोमीटरच्या आत पुरवले जातात.

पण तुमचं चार वर्षं का जमलं नाही, ते आधी सांगते. तुम्ही ठिकाणावर चर्चा करताय. आम्ही लोकलच्या डब्यातल्या सहाजणीही तेच करायचो. मग एकदा एकीनं कोणाला न विचारता तिकिटंच काढली आणि ग्रुपवर टाकली. पाचजणींनी मिळून तिला फाडून खाल्लं आणि सहाहीजणी गेलो. तेव्हापासून आमचा कायदा एकच : आधी तिकीट, मग चर्चा. रेल्वेचं आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी, सकाळी आठ वाजता उघडतं. पूर्वी १२० दिवस मिळायचे, नोव्हेंबर २०२४ पासून ते निम्म्यावर आले. शुक्रवारी रात्रीच्या गाड्या भराभर भरतात, त्यामुळे पावणेआठला चहा घेऊन बसा आणि चौघींची नावं-वयं ॲपमध्ये आधीच भरून ठेवा. वेटिंगच्या भरवशावर राहू नका, ते तिकीट घेऊन आता आरक्षित डब्यात बसू देत नाहीत.

आता तुमच्या गुडघ्यांची गोष्ट. खालच्या बर्थचा एक वेगळा कोटा असतो. तो ६० वर्षांवरच्या पुरुषांना आणि ४५ वर्षांवरच्या बायकांना मिळतो, म्हणजे तुम्हाला ज्येष्ठ नागरिक असायची गरज नाही. अट एवढीच की एका तिकिटावर एक किंवा फार तर दोनच प्रवासी हवेत. चौघींचं एकत्र तिकीट काढलंत की हा कोटा हातचा गेला. म्हणून दोन-दोनची दोन तिकिटं काढा. तोटा असा की दोघी एका टोकाला आणि दोघी दुसऱ्या टोकाला जायची शक्यता आहे. पण खालची बर्थ म्हणजे गाडीतलं खणखणीत नाणं. गुडघे धड असलेलीनं मैत्रिणीशेजारच्या प्रवाशाला ‘तुम्ही खालची घ्या, मला तुमची वरची चालेल,’ असं म्हणून बघावं. एवढ्या वर्षांत मला कोणी नाही म्हटलेलं नाही.

तारीख मात्र तीनदा वाचा. हे मी पोळलेली बाई म्हणून सांगते. परतीची आमची गाडी रात्री बारा वाजून दहा मिनिटांनी होती. रविवारी रात्री निघायचं म्हणून मी ऐटीत रविवारचं तिकीट काढलं. प्लॅटफॉर्मवर गाडी आली, डबा सापडला, बर्थवर दुसरंच कुटुंब झोपलेलं. मी त्या गृहस्थांना उठवून बरीच हुज्जत घातली. टीसींनी माझा फोन हातात घेतला आणि शांतपणे म्हणाले, ‘बेन, तुमची गाडी काल गेली.’ बारानंतर सोमवार लागतो हे पंचावन्नाव्या वर्षी पाच मैत्रिणींसमोर कळणं काही बरं नव्हे. जनरल डब्यात, संडासाशेजारी वर्तमानपत्र पसरून सूरतपर्यंत आलो. ‘काल गेली’ हा आमच्या ग्रुपवर अजून चालणारा शब्दप्रयोग आहे.

निघताना बॅग सकाळीच ऑफिसात न्या. आणि गाडी बोरिवलीला पकडायचा मोह टाळा. शुक्रवारी संध्याकाळी दादर ते बोरिवली लोकलमध्ये सामानासकट उभं राहून दाखवा, म्हणजे मी काय म्हणते ते कळेल. गाडी जिथून सुटते तिथेच चढा, निवांत. तिकिटावर अहमदाबादचं कुठलं स्टेशन लिहिलंय तेही बघा. तिथले लोक मुख्य स्टेशनाला कालुपूर म्हणतात. काही गाड्या साबरमतीला जातात, ते शहराच्या पार दुसऱ्या टोकाला आहे. कालुपूरला उतरलात तर मेट्रोचं स्टेशन लगेच खाली आहे.

शनिवारी सकाळी फार उड्या मारू नका. गाडीतली झोप ती झोप नव्हे. हॉटेलात बहुधा दुपारीच खोली मिळते, पण बॅगा ठेवून तोंड धुवायला मिळेल का ते फोनवर आधीच विचारून घ्या. दुपारी साबरमती आश्रम. १९१७ पासून १९३० पर्यंत गांधीजी इथे होते, दांडीयात्रा इथूनच निघाली. हृदयकुंजच्या, म्हणजे गांधीजींच्या तिथल्या घराच्या, ओसरीवर नदीकडे तोंड करून अर्धा तास बसा. गुडघेवालीला हे सर्वांत आवडेल.

रात्री माणेक चौक. दिवसा हा सोन्या-चांदीचा बाजार. सराफांची शटरं पडली की साडेनऊच्या सुमारास त्याच जागेवर तवे, बाकडी आणि प्लॅस्टिकच्या खुर्च्या येतात. तासाभरापूर्वी जिथे तोळ्याचा भाव चालला होता तिथे पोरगा पावावर जॅम, अननस आणि वर हिमवर्षाव झाल्यासारखं चीज किसत उभा असतो. अननसाच्या सँडविचबद्दल माझं मत मी राखून ठेवते. घूघरा सँडविच मात्र खा, आणि एकच मागवून चौघींत वाटा, कारण पुढे अजून दहा गाड्या आहेत.

रविवारची सकाळ तुमची, म्हणजे हिंडणारीची. महानगरपालिकेचा हेरिटेज वॉक १९९७ पासून चालू आहे. सकाळी आठच्या सुमारास कालुपूरच्या स्वामिनारायण मंदिरातून निघतो आणि जामा मशिदीशी संपतो. देवदर्शनवालीचंही काम तिथेच होतं. मधे पोळी लागतात. आपल्या पुरणाच्या नव्हेत, पोळ म्हणजे एका दरवाज्याआड वसलेली अरुंद गल्लीची वस्ती. या जुन्या शहराला २०१७ साली युनेस्कोनं जागतिक वारशाचा दर्जा दिला, भारतातलं असं हे पहिलंच शहर. पोळीत शिरलात की मान वर करून चबुतरा शोधा. एका खांबावर कोरीव छत्री आणि तिच्यात पाखरांसाठी दाणे. माणसांना पाय टाकायला जागा नाही, पण पाखरांची सोय पहिली. चालणं दोनेक तासांचं आहे. गुडघेवालीनं रिक्षा करून थेट जामा मशीद गाठावी. १४२४ सालची ही मशीद, अंगण ऐसपैस आणि खांब अडीचशेच्या वर. तुम्ही पोचेपर्यंत तिला मोजायला सांगा.

तिथून भद्र किल्ल्याजवळचा बाजार पायाखाली. खरेदीवालीला इथे सोडा आणि वेळ ठरवून द्या, नाहीतर गाडी चुकेल. भद्रकालीचं मंदिर तिथेच आहे. आणि परकं वाटून घेऊ नका. अठराव्या शतकाच्या मध्यापासून १८१७ पर्यंत या शहरात पेशव्यांचा आणि गायकवाडांचा कारभार होता, गायकवाडांची हवेली अजून उभी आहे. लोकसभेचे पहिले सभापती दादासाहेब मावळंकर इथलेच वकील, घराणं रत्नागिरीकडचं. लाल दरवाज्याजवळची सिदी सय्यदची जाळी शेवटी ठेवा. १५७३ सालच्या मशिदीची खिडकी, एकाच झाडाच्या फांद्या दगडात गुंतवलेल्या. रस्त्यावरूनही दिसते. आमच्यातली एक विणकामवाली तिच्यापुढे पाच मिनिटं गप्प उभी होती. ती गप्प राहते हीच मोठी गोष्ट. मग म्हणाली, ‘टाका कुठून सुरू केला असेल गं?’

नोव्हेंबर ते फेब्रुवारी जा. फक्त मकरसंक्रांतीचे दोन दिवस टाळा, पतंगांसाठी अख्खं गुजरात घरी निघालेलं असतं.

प्रश्न : मैत्रिणींबरोबर गेलं की पैशांवरून शेवटी कुठेतरी कुजबुज होतेच. हिशोब कसा ठेवावा? – एक वाचक, सांगली

उत्तर : टीटीएमएम चहापुरतं ठीक, दोन दिवसांना नाही. निघतानाच प्रत्येकीनं सारखी रक्कम एका पाकिटात टाकायची. रिक्षा, खाणं, तिकिटं त्यातून. खरेदी आपापल्या पर्समधून. पाकीट सर्वांत चिक्कू बाईकडे द्यायचं. आमच्याकडे ती मीच आहे, हे सांगायला मला लाज वाटत नाही. उरलेल्या पैशांचं परतीच्या गाडीत खाऊन टाकायचं. वाटून परत द्यायला गेलात की सतरा रुपयांवरून विषय निघतो.

प्रश्न : आम्ही तीन मित्र अहमदाबादला जातोय. गुजरातेत दारूबंदी आहे म्हणतात, पण बॅगेत एखादी बाटली असली तर कोण बघतं? – नाशिकचा एक वाचक

उत्तर : भाऊ, बघतात. नेऊ नका. बाहेरच्या पर्यटकांना तात्पुरता परवाना मिळतो, पण दोन रात्रींसाठी त्या कागदपत्रांत कशाला पडता? कायदा मूळचा आपल्याच जुन्या मुंबई राज्याचा, १९४९ चा. त्यांनी पाळला, आपण ढिला केला. माणेक चौकात मसाला सोडा झकास मिळतो.