कर्ज घरी सांगायचं का? आधी सहावा रकाना भरा

“मॅडम, घरी सांगू की नको, एवढंच सांगा.”

मी समुपदेशक. कर्ज गळ्याशी आलेलं माणूस समोर बसलं की पाचव्या मिनिटाला हे वाक्य येतं. कधी कंपनीतले सुपरवायझर असतात, कधी शिक्षिका, कधी बचत गटासकट तीन ठिकाणी उचल घेतलेल्या ताई. रकमा वेगळ्या, पोटातला गोळा तोच. म्हणून इथे एका गृहस्थांची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत आणि सात-आठ भेटी आवळून आणल्या आहेत. नाव नको, दादा म्हणू.

दादा चाकणला कारखान्यात, भोसरीत भाड्याचं घर, पत्नी, दोन मुलं. हातात येणारा पगार ५२,०००. वडिलांच्या हृदयाच्या ऑपरेशनला विमा पुरला नाही म्हणून चार लाखांचं वैयक्तिक कर्ज काढलं, तिथून सुरुवात. खोलीत आल्या आल्या त्यांनी फोन टेबलावर पालथा ठेवला. तो थरथरला की हात आपोआप त्यावर जायचा.

“एकूण किती आहे?”

“असतील साडेचारेक लाख.”

या ‘असतील’पाशी मी नेहमी थांबते. लपवणारा माणूस इतरांपासून लपवता लपवता आकडा स्वतःलाही दाखवेनासा होतो. आणि अंदाजाने सांगितलेलं कर्ज पुढे दुसऱ्यांदा सांगावं लागतं. घरचं माणूस पहिल्या सांगण्याने हादरतं, पण विश्वास उडतो तो दुसऱ्या सांगण्याने. त्यामुळे पहिल्या भेटीत ‘सांगू की नको’चं उत्तर मी देत नाही. कागद देते.

त्यावर सहा रकाने आखायचे: कोणाचे, बाकी किती, व्याज किती, महिन्याला किती जातात, कोणत्या तारखेला, आणि सहावा, यात दुसऱ्या कोणाची सही, पैसा किंवा वस्तू अडकली आहे. आकडे आठवणीतून लिहायचे नाहीत. तीन महिन्यांचं बँक स्टेटमेंट काढायचं, मेसेजमध्ये ‘ईएमआय’ आणि ‘ड्यू’ हे शब्द शोधायचे. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या, लोकांच्या कर्जांची नोंद ठेवणाऱ्या चारही संस्थांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो, तो मागवायचा. हातउसने आणि भिशी त्यात दिसत नाहीत, ती वेगळी लिहायची.

दादांनी पुढच्या भेटीत कागद आणला. पेनाने लिहा म्हटलं होतं, त्यांनी पेन्सिलीने लिहिलं होतं. वैयक्तिक कर्जाचे उरलेले २,६०,०००. एका कार्डावर १,१२,०००. दुसऱ्या कार्डाचे हप्ते केलेले ४८,०००. कर्ज देणाऱ्या तीन अ‍ॅपचे मिळून ६४,०००. गावच्या पतसंस्थेचे १,२०,०००. मित्राकडून हातउसने ३५,०००. भिशी लवकर उचललेली, तिचे पाच हप्ते म्हणजे २५,०००. बेरीज ६,६४,०००. त्यांनी ती दोनदा केली.

मग महिन्याचा हिशेब. हप्ते ४०,५००, घरखर्चाला भाड्यासकट ३०,०००, पगार ५२,०००. दरमहा १८,५०० कमी. ते कुठून यायचे? नव्या अ‍ॅपमधून. कार्डावर ते फक्त किमान रक्कम भरत होते, ५,६००. महिना साडेतीन टक्क्यांनी त्यातले ३,९२० व्याजात, ७०६ त्या व्याजावरच्या जीएसटीत, मुद्दलात जेमतेम ९७४. दादा त्या ९७४कडे बराच वेळ बघत होते.

“घरखर्च कमी का नाही केला?”

“ही विचारेल ना, का म्हणून.”

“दागिन्यांवर कर्ज? त्याला महिन्याला एक टक्क्याच्या आसपास पडतं.”

“दागिने हिचे.”

“वहिनींची मुदत ठेव? विम्याच्या पॉलिसीवर कर्ज?”

“कागद हिच्याच कपाटात.”

कर्जाची इतकी प्रकरणं पाहिल्यावर मला पटलेली मुख्य गोष्ट याच तीन उत्तरांत आहे. स्वस्त पैशाची दारं बहुतेक घरातून जातात. घरात सांगायचं नाही ठरवलं की ती सगळी बंद होतात आणि रात्री दोन वाजता, कोणालाही न विचारता, पाच मिनिटांत उघडणारं दार तेवढं उरतं. ते सगळ्यांत महाग असतं. दादांचं कर्ज ऑपरेशनने सुरू झालं खरं, पण फुगलं ते गप्प राहण्याने.

हे कळूनही ते सांगायला तयार नव्हते. तिसऱ्या भेटीत कारण बाहेर आलं. आदल्या वर्षी त्यांनी पत्नीला सांगितलं होतं, पण अर्धंच: “कार्डाचे सत्तर हजार आहेत.” तिने आपली आवर्त ठेव मोडून पैसे दिले. कार्ड मोकळं झालं, बाकीची देणी होती तशीच राहिली, आणि आठ महिन्यांत कार्ड पुन्हा भरलं.

“आता कोणत्या तोंडाने सांगू?”

“सांगितलंत तर वहिनी पहिलं वाक्य काय बोलतील?”

ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “पैशाचं नाही बोलणार ती. म्हणेल, तेव्हाच का नाही सांगितलंत?”

“म्हणजे भीती कशाची आहे?”

“सहा लाखांची नाही,” ते सावकाश म्हणाले. “त्या सत्तर हजारांची.”

इथून सगळं प्रकरण वळलं. ते आकडा कसा सांगायचा याच्या चिंतेत होते, आणि सांगायचं होतं ते खोटं. कर्जाच्या कबुलीत आकडा आधी सांगितला आणि खोटं नंतर सापडलं, तर आकड्यावर बोलणं होतच नाही.

माझ्या कामाचा पाया अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ विचारपद्धती आहे. तिच्यातला एक भेद मी पुन्हा पुन्हा वापरते. ‘मी चूक केली’ म्हणणारा माणूस पुढे काय करायचं ते विचारतो. ‘मी माणूसच नालायक’ म्हणणारा फक्त तोंड लपवतो, कारण नालायक माणसाला दुरुस्तीच नसते. दादांना “खोटं बोललो” हे वाक्य “मी खोटारडा आहे” यापासून वेगळं करायला दोन भेटी लागल्या. ते वेगळं झाल्यावर त्यांनी त्याच कागदावर पेन्सिलीच्या अक्षरांवरून पेन फिरवलं.

आता सहावा रकाना. कोणाला सांगायचं याचं उत्तर तिथे लिहिलेलं असतं. ज्याचं नाव त्या रकान्यात आहे, त्याला सांगणं म्हणजे मोठेपणा नव्हे, ते त्याचं देणं आहे. दादांच्या रकान्यात पत्नी होती, आणि पतसंस्थेच्या ओळीपुढे चुलत भाऊ, जामीनदार. भारतीय करार कायदा १८७२च्या कलम १२८प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी साधारणपणे कर्जदाराइतकीच असते. हप्ता थकला तर पतसंस्था थेट त्याच्याकडे जाऊ शकते. त्याला नोटिशीतून कळण्याआधी तुमच्या तोंडून कळलं पाहिजे, तेही हप्ता चुकायच्या आधी. पत्नीची सही नसेल तर नवऱ्याचं वैयक्तिक कर्ज तिच्याकडून वसूल करता येत नाही. कर्जदार गेला तर वारसांवर जबाबदारी येते ती मिळालेल्या मालमत्तेपुरती. ही माहितीही तिला द्यावी, तिची निम्मी धास्ती तिथे कमी होते.

ज्यांचं नाव रकान्यात नाही त्यांच्यासाठी झाकली मूठ सव्वा लाखाची, हे बरोबरच आहे. आत्या, शेजारी, खात्यातले सहकारी यांना सांगून हप्ता कमी होत नाही, चर्चा वाढते. मुलांना आकडा नको, “यंदा सहल नाही, कारण पैसे फेडायचे आहेत” इतकं पुरे. आणि एक अपवाद पक्का: घरात मारहाण होत असेल, तर एकटीने, बंद दाराआड सांगायचं नाही. आधी माहेरचं कोणी किंवा समुपदेशक सोबत हवा. गटकर्ज घेतलेल्या कितीतरी बायका याच धाकाने गप्प असतात, त्यांना ‘मन मोकळं करा’ सांगणं धोक्याचं आहे.

सांगण्याची आम्ही तीनदा तालीम केली. वेळ रविवार सकाळची, मुलं क्लासला गेल्यावर. रात्री नको, पाहुण्यांच्या आदल्या दिवशी नको. वाक्यं चार: “मी तुझ्यापासून लपवलं. गेल्या वर्षी सत्तर हजार म्हणालो ते अर्धंच होतं. एकूण सहा लाख चौसष्ट हजार आहेत. हा कागद.” मग गप्प बसायचं. दादा दर वेळी “पण तुला त्रास नको म्हणून…” असं जोडत होते. ते काढायला लावलं. त्या ‘पण’ने कबुलीची सारवासारव होते. ती एकच प्रश्न दहा वेळा विचारेल, दहाही वेळा तेच उत्तर द्यायचं.

आणि सांगणं व मागणं एका दिवशी नाही. दागिन्यांचा विषय त्यांनी काढायचाच नाही, असं बजावलं होतं.

रविवारी दादांनी सांगितलं. ती काही बोलली नाही. उठली, आतल्या खोलीत गेली, कपाट उघडल्याचा आवाज आला. बांगड्यांचा डबा उघडून तिने मोजल्या, परत ठेवल्या, आणि बाहेर येऊन विचारलं, “अहो, अजून काही राहिलंय?” दादांनी त्या क्षणी दागिने मागितले असते तर काय झालं असतं, याचा विचार करून मला आजही धस्स होतं.

चार दिवस घरात बोलणं नव्हतं. सहाव्या दिवशी तिनेच विषय काढला. पाटल्या-बांगड्यांवर १,८०,००० उचलले, अ‍ॅप आणि मोठं कार्ड मिटवलं. बंद केलेल्या प्रत्येक खात्याचं ‘बाकी नाही’ असं पत्र घ्यायचं आणि महिना-दीड महिन्याने अहवालात खातं बंद दिसतंय का ते बघायचं, हे विसरू नये. एका अ‍ॅपने ‘सेटलमेंट’ (कमी पैशांत खातं मिटवणं) देऊ केली, ती नाकारली, कारण तो शेरा अहवालात राहतो. आता हप्ते २५,७००, घरखर्च २४,०००, म्हणजे महिन्याला २,३०० उरतात.

मधल्या काळात वसुलीवाल्यांनी “सगळ्या नातेवाइकांना मेसेज करू” म्हणून धमकावलं होतं. या धमकीने घाबरून माणसं नको त्या सगळ्यांना सांगून मोकळी होतात. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२२च्या आदेशाप्रमाणे वसुलीसाठी सकाळी ८च्या आधी आणि संध्याकाळी ७नंतर फोन करता येत नाही, कुटुंबीय-मित्रांना सतावता येत नाही. त्याच वर्षीच्या डिजिटल कर्जाच्या नियमांनी अ‍ॅपला तुमच्या फोनमधली संपर्क यादी घ्यायला मनाई केली. आधी कर्ज देणाऱ्या कंपनीकडे लेखी तक्रार, ३० दिवसांत दाद नाही लागली तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, तीही फुकट, चौकशीला १४४४८. फोटो बदलून पाठवणं, शिवीगाळ असेल तर लगेच १९३०, ही सायबर गुन्ह्यांची हेल्पलाइन. दादांनी जवळच्या पंधरा जणांना एवढंच पाठवलं: “माझ्या नावाने वसुलीचे मेसेज आले तर उत्तर देऊ नका, पैसे पाठवू नका, स्क्रीनशॉट मला पाठवा.” आकडा नाही, कारण नाही. कोणी विचारलंही नाही.

एक प्रश्न मी प्रत्येक कर्जदाराला पहिल्याच भेटीत विचारते: “मी नसलो तर विम्याचे पैसे तरी येतील, असं मनात येऊन जातं का?” दादांनी मान डोलावली होती. अशा वेळी रकाने बाजूला ठेवायचे. त्याच दिवशी घरातल्या एका माणसाला हे कळलं पाहिजे, मग कर्ज सांगणं पुढे गेलं तरी चालेल. दादांनी माझ्यासमोर भावाला फोन लावला. रात्री-अपरात्री टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ चालू असतो, मराठीत बोलता येतं.

शेवटच्या भेटीला दोघं आले. कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत होता आणि खाली वहिनींच्या अक्षरात एक ओळ वाढली होती: ‘वाणी ३,२००’. घरखर्च पुरत नाही हे त्यांनीही सांगितलं नव्हतं. दादा त्या ओळीकडे बोट दाखवून हसले, त्या नाही हसल्या.

पुढच्या महिन्यात भिशी संपते आणि पाच हजार मोकळे होतात. त्या म्हणतात आधी बांगड्या सोडवायच्या. दादा म्हणतात मित्राचे आधी, त्याने व्याजही घेतलं नाही. माझ्यासमोर दहा मिनिटं दोघं वाद घालत होते, आवाज चढवून, आणि फोन टेबलावर उताणा पडला होता.