शिक्रा आणि पावशा लांबून वेगळे कसे ओळखायचे?

विचारलंत ते बरं केलंत. शिक्रा म्हणजे छोटा शिकारी पक्षी आणि पावशा कोकिळेच्या कुळातला, पण दिसायला अगदी तसाच. याच प्रश्नावरून आमच्याकडे चार वर्षं टोमणे चालू आहेत.

मे महिना, वाईजवळ बहिणीचं शेत. बांधावरच्या बाभळीवर करड्या पाठीचा, पोटावर तांबूस पट्टे असलेला एक पक्षी येऊन बसला आणि सातभाई पक्ष्यांच्या थव्याने रान डोक्यावर घेतलं. दाजींनी नवीन लेन्समधून दणादण पंधरा-वीस फोटो काढले. "शिक्रा!" मी म्हटलं, "दाजी, पावशा आहे." तर म्हणे, "मग सातभाई उगाच बोंबलतायत का?"

अहो, पावशा सातभाईंच्याच घरट्यात अंडी घालतो, ते बोंबलणारच! त्याचा रंग शिक्र्याचा, उडणं शिक्र्याचं, चार फडके मारून तरंगत जायचं. फांदीवर टेकल्यावर शेपूट हलवायची ढबसुद्धा तीच. तेव्हा रंग आणि उडणं यांवर जाऊच नका. चोच बघा. शिक्र्याची आखूड आणि आकड्यासारखी वाकलेली, मांस फाडायची. पावशाची बारीक, जवळजवळ सरळ. तो मुख्यतः सुरवंट खातो. डोळ्याभोवती पिवळं कडं असतं. मी तेवढंच बघून बोललो होतो, पण माझी दुर्बीण जुनी ना, चष्म्याच्या दुकानातून घेतलेली.

रात्री दोनला आंब्यावरून पावशाचं सुरू झालं: पेरते व्हा, पेरते व्हा, दर वेळी आवाज आणखी चढा. दाजींना हलवून उठवलं. कूस बदलत म्हणाले, "हा दुसरा असेल."

खरं सांगू का, आधी कान तयार करा, कॅमेरा नंतर घ्या. वळीव सुरू झाल्यापासून पावसाळाभर पावशा स्वतःच नाव सांगतो, आणखी काय हवं? हिवाळ्यात मात्र तो बहुतेक गप्प असतो, तेव्हा चोचीवरच भिस्त. आणि हो, पिल्लं असली तर दोघांच्याही पोटावर पट्ट्यांऐवजी ठिपके-फराटे असतात, तिथे मीही दोनदा चुकलोय.

तो फोटो आता दाजींच्या हॉलमध्ये चौकटीत आहे, खाली सोनेरी अक्षरांत 'शिक्रा'. फांदीवरची बोटं स्वच्छ दिसतात: दोन पुढे, दोन मागे. शिक्र्याची तीन पुढे असतात. दरवर्षी भाऊबीजेला तिथेच बसून फराळ करतो.